पावणेसहाची पत-तपासणी

सैन्यात भरती होताना माणूस कशाकशाने बाद होतो याची यादी काढली, तर ती भरती झालेल्यांच्या यादीहून लांब होईल. तळपाय सपाट निघाला, बाद. हिरवा रंग पोपटी दिसला, बाद. एक दात जास्त, बाद. एक दात कमी, तरी बाद. हप्तेराव या सगळ्यातून सहीसलामत सुटला होता. त्याने छाती फुगवून दाखवली, खोकून दाखवलं, एका पायावर उभं राहून दाखवलं, आणि डॉक्टरने पाठीवर थाप मारून "घोडा आहे घोडा" असं प्रशस्तिपत्रही दिलं. पण हे घोडं प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात पेंड खाऊ लागलं, ते एका तीन आकडी संख्येपाशी.

हप्तेराव हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. कुठली आई पोटच्या पोराचं असं नाव ठेवील? ते बराकीने ठेवलं, आणि बराकीने ठेवलेलं नाव सरकारी कागदावरच्या नावाहून पक्कं असतं. कागद फाटतो, बराक विसरत नाही.

तर तिसऱ्या आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. छावणीचा हेडक्लार्क चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर चष्मा शोधणाऱ्या जातीचा होता. चष्मा न सापडल्याचा राग त्याने समोरच्यावर काढला.

"तुझा क्रेडिट स्कोअर पाचशे बारा."

"हो साहेब," हप्तेराव म्हणाला. त्याला वाटलं, बरा असावा. शाळेत सगळे विषय मिळूनही त्याला एवढे मार्क कधी पडले नव्हते.

"साडेसहाशे लागतो."

"कशाला साहेब?"

"शपथ घ्यायला."

"बंदूक उचलायला पत लागते का साहेब?"

"बंदूक उचलायला ताकद लागते. बंदूक मिळायला पत लागते. नियम एकशे चौदा. कर्ज बुडवणारा शिपाई पैशासाठी शत्रूला फितूर होऊ शकतो."

हप्तेरावने प्रामाणिकपणे विचार केला, की आपल्याकडे शत्रूला विकण्याजोगं आहे तरी काय? तीन आठवड्यांत त्याला दोनच गुपितं कळली होती. एक, कांबळ्याच्या घडीची कड उजवीकडे ठेवायची. दोन, भटारखान्यात चहा गाळायचं फडकं हे कवायत शिकवणाऱ्या उस्तादचा पूर्वाश्रमीचा मोजा होतं. एवढ्यासाठी शत्रूने पैसे मोजले असते, तर शत्रूचीच कीव करायला हवी होती.

"बाकीच्यांचा किती आहे साहेब?"

"बाकी पस्तीस जणांनी जन्मात कर्ज घेतलं नाही. त्यांची नोंदच नाही. नोंद नाही तो निर्मळ. तू एकटा मळका." हेडक्लार्कने फाइल मिटली. "शपथ पाच महिन्यांनी. तोवर कर्ज फेड, स्कोअर सुधार, नाहीतर घरी."

घरी, हा शब्द हेडक्लार्कने अशा सहजपणे उच्चारला, जणू घर म्हणजे विसाव्याची जागा. हप्तेरावच्या आईचं शिवणकाम होतं, आणि गेल्या तीन आठवड्यांत शिवून दिलेल्या प्रत्येक कपड्याबरोबर तिने "आमचा धाकटा फौजेत गेला" ही बातमी गल्लीला फुकट दिली होती. आता तिथे परत जायचं म्हणजे एकेका घरातून ती बातमी उसवत हिंडायचं. त्यापेक्षा शत्रूचा गोळीबार बरा.

आता हे कर्ज आलं कुठून? थोडक्यात सांगतो, कारण ते त्याने कुणाला लांबण लावून सांगितलं नाही. भरतीत सोळाशे मीटर धावायचं होतं. त्याच्या मामाचा जन्म उंटावरून शेळ्या हाकण्यात गेलेला. मामा म्हणाला, "रस्त्यावर काय धावतोस भिकाऱ्यासारखा? यंत्र घे. घरात पंख्याखाली धाव." यंत्र हप्त्यावर आलं. हप्तेराव त्यावर नऊ दिवस धावला. दहाव्या दिवशी आईने त्यावर ओल्या चादरी वाळत टाकल्या, आणि ओली चादर बाजूला सारून धावायला लागणारा वीर अजून जन्माला यायचाय. दोन हप्ते चुकले तेव्हा कंपनीचा वसुलीवाला रोज सकाळी दारात येऊ लागला. हा गडी बारीक, काटक, पायात कॅनव्हासचे बूट. तो पुढच्या दारात आला, की हप्तेराव मागच्या दाराने सुटायचा, आणि वसुलीवाला त्याच्या मागे. रोज दीड-दोन किलोमीटर. भरतीच्या दिवशी तो पहिला आला. कर्जाने घेतलेल्या यंत्राला जे जमलं नाही, ते कर्जवसुलीने करून दाखवलं.

दंड, व्याज आणि व्याजावरचा दंड धरून बाकी होती बावन्न हजार.

ही बातमी संध्याकाळपर्यंत बराकीत पोचली, आणि सल्ले सुरू झाले. ज्याच्याजवळ पैसा नसतो त्याच्याजवळ सल्ला असतो, आणि बराकीत कुणाजवळच पैसा नव्हता. शेजारच्या खाटेवरचा वकील (कायद्याच्या पहिल्या वर्षात नापास झाला होता, त्यावरून हे नाव) म्हणाला, "आधी कंपनीला नोटीस दे." "कसली?" तर म्हणे, "ते नंतर ठरवू. आधी देऊन ठेव." छावणीचा न्हावी त्याच्या कानावर वस्तरा ठेवून म्हणाला, "काही भरू नकोस. सात वर्षांत डाग आपोआप पुसतो."

"माझ्याकडे पाच महिने आहेत."

"मग पाच महिने धीर धर, उरलेलं नंतर बघू," न्हावी म्हणाला. वस्तरा कानावर असताना माणूस वाद घालत नाही, हे न्हाव्याच्या शहाणपणाचं खरं भांडवल.

रविवारी प्रत्येकाला अर्धा तास फोन मिळे. हप्तेरावने कंपनीला फोन लावला. पहिली वीस मिनिटं बासरी ऐकण्यात गेली. मग एक गोड आवाजाची बाई आली.

"सर, आपला सध्याचा पत्ता सांगाल?"

"सांगता येत नाही मॅडम. गुप्त आहे."

"मग आमच्या नोंदीत बरोबरच आहे सर. 'ग्राहक बेपत्ता.'"

"अहो, मी बेपत्ता कसा असेन? चारी बाजूंनी काटेरी तार आहे. चोवीस तास बंदुकीचा पहारा आहे. दिवसातून चार वेळा माझी मोजदाद होते."

"तुरुंगात आहात का सर? त्याचा विभाग वेगळा आहे."

शेवटच्या तीन मिनिटांत तिने एक उपकार केला. म्हणाली, निम्मी रक्कम भरून तडजोड करता येईल. मामाला पुढच्या रविवारी हे कळलं, तर तो फोनवरच नाचला. "घे की! निम्म्यात सुटतोस!" हेडक्लार्कला विचारलं, तर तो म्हणाला, "नोंदीत 'तडजोड' असं कायमचं लागतं. साहेब वाचतील तर विचारतील, उद्या शत्रूशीही निम्म्यात तडजोड करशील का?"

म्हणजे पुरे बावन्न. हप्तेरावने हिशेब मांडला. न्हावी, धोबी, बूटपॉलिश आणि बँडचा निधी (आपण ज्या बँडच्या तालावर घाम गाळतो त्याची वर्गणीही आपणच भरायची, ही सैन्याची मौज) कापून हातात येत पंधरा हजार. महिना तेरा भरले तर चार महिन्यांत मोकळा. उरल्या दोनातले दीड आईला. अर्ध्यात दात घासायचे आणि तोंड बंद ठेवायचं. कॅन्टीनची खिडकी दिसली की तो मान वळवून चालू लागला. शिस्तीत चालणाऱ्या रांगेत एकटाच मान वळवून चालतो, म्हणून त्याला दोनदा शिक्षा झाली.

इथवर सगळं ठीक होतं. कंटाळवाणं, पण ठीक. पुढे उस्तादच्या कानावर गेलं.

उस्ताद म्हणजे पलटणीला कवायत शिकवणारा. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक रिक्रूट लोंबकळला असता. त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: रोज तपासलं की सुधारतं. बूट रोज तपासले, चमकले. दाढ्या रोज तपासल्या, गुळगुळीत झाल्या. एकदा म्हणे त्याने भटारखान्यासमोरच्या सुकलेल्या लिंबाची महिनाभर रोज तपासणी केली, आणि झाडाला भीतीने पालवी फुटली.

"स्कोअर किती म्हणालास?"

"पाचशे बारा, उस्ताद."

"कधी बघितला होतास?"

"मी नाही बघितला. हेडक्लार्क साहेबांनी बघितला. महिना झाला."

"महिना?" उस्तादला धक्का बसला. "महिनाभर बूट बघितले नाहीत तर त्यात उंदीर व्यायेल, गाढवा. उद्यापासून रोज. पावणेसहा. दाढीनंतर."

स्कोअर बघायचा कसा, हे वकिलाला ठाऊक होतं, निदान तो तसं म्हणाला. फोनवर एक फुकटची सोय होती. नाव-नंबर टाकायचा, आणि 'स्कोअर पाहा व कर्ज मिळवा' या हिरव्या बटणावर बोट ठेवायचं. उस्तादने कपाटातून वकिलाचा फोन तपासणीपुरता काढून दिला. पहिल्या दिवशी पाचशे बारा. दुसऱ्या दिवशी पाचशे आठ.

"चार घसरला," उस्ताद म्हणाला. "मैदानाला दोन फेऱ्या."

तिसऱ्या दिवशी पाचशे तीन. चार फेऱ्या. त्यानंतर चारशे अठ्ठ्याण्णव. उस्तादच्या तीस वर्षांच्या नोकरीत तपासणीला न जुमानणारी ही पहिलीच वस्तू. त्याला हा उद्दामपणा वाटला. त्याने दिवसातून दोनदा तपासायला लावलं. स्कोअर दुप्पट वेगाने पडू लागला.

मग उस्तादने विचार केला. उस्ताद विचार करतो तेव्हा पलटणीने जपून राहायला हवं. "एकट्याचे बूट चमकून उपयोग काय? आख्ख्या रांगेचे चमकले पाहिजेत. सगळ्यांची तपासणी. हुद्दा बघायचा नाही. पहिलं नाव माझं लिही."

पस्तीस निर्मळ पोरं रांगेत उभी राहिली. ज्यांची नोंदच नव्हती, त्यांच्या नावापुढे फोनवर रिकामी जागा आली.

"रिकामी?" उस्ताद म्हणाला. "फौजेत रिकामं काही नसतं. भरेपर्यंत दाबत राहा."

आणि वकील झाडाखाली टेबल टाकून रोज पावणेसहाला दाबत राहिला. पंधरवड्यात आकडे उमटू लागले. पोरांना आनंद झाला. काही जणांनी तर घरी कळवलं.

तीन हप्ते भरून झाल्यावरच्या रविवारी हप्तेरावने कंपनीला फोन केला. एव्हाना ती बाई त्याचा आवाज ओळखू लागली होती.

"सर, एक विचारू? तुमचं कर्ज तुम्ही इतकं वेळेवर फेडताय. मग रोज पहाटे पावणेसहाला आमच्याकडे आणि आणखी सात कंपन्यांकडे नवीन कर्ज का मागता?"

"मी कुठे मागतो?"

"सर, ते हिरवं बटण म्हणजे कर्जाचा अर्ज. दर अर्जाला स्कोअर घसरतो. रोज आठ दारं ठोठावणाऱ्याची पत कोण मानेल? आणि सर, तुमचा अर्ज येतो त्याच फोनवरून आणखी छत्तीस जण मागतायत. सगळं बरं आहे ना तिकडे?"

हप्तेरावने फोन ठेवला. खरं संकट मात्र पुढेच होतं, ते म्हणजे हे उस्तादला सांगणं. बराकीत मसलत झाली. वकील म्हणाला, लेखी द्या. सगळे म्हणाले, मग तूच लिही. वकिलाच्या एकाएकी पोटात दुखू लागलं. शेवटी हप्तेरावच गेला.

उस्तादने सगळं ऐकून घेतलं. मिशीचं एक टोक पिळलं.

"म्हणजे बघितल्याने खराब होतो?"

"हो उस्ताद. मागितल्यासारखं बघितलं की."

"असला बूट मी जन्मात पाहिला नाही," उस्ताद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच हप्तेरावला जास्त वाईट वाटलं. "बंद करा. आजपासून तिकडे कुणी ढुंकून बघायचं नाही."

चौथा हप्ता भरला. बावन्न हजार फिटले. आता फक्त 'बाकी काही नाही' असा दाखला यायचा होता, आणि कंपनी दाखला पत्त्यावर पाठवते, आणि हप्तेराव तर बेपत्ता. आठवडा गेला, दुसरा गेला. एका सकाळी पलटण दहा किलोमीटर धावून छावणीकडे परतत होती. जीभ गुडघ्याला लागलेली. फाटकापाशी एक माणूस उभा होता. बारीक, काटक, पायात कॅनव्हासचे बूट.

हप्तेरावच्या डोक्याने काही ठरवायच्या आत पायांनी ठरवलं. तो वळला आणि आलेल्या रस्त्याने उधळला. वसुलीवाला त्याच्या मागे. "अरे थांब! कागद द्यायचाय!" असं तो ओरडत होता, पण हप्तेरावने आजवर त्याच्या तोंडून 'थांब' एवढंच ऐकलेलं, पुढचं ऐकण्याइतका तो कधी जवळ राहिलाच नव्हता. तीन किलोमीटरवर वसुलीवाल्याने त्याला गाठलं, कारण हा आधीच दहा धावलेला होता. दोघंही रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले.

"बेपत्ता ग्राहक माझ्याच विभागात येतात," वसुलीवाला धापा टाकत म्हणाला. "छावणीचा पत्ता तुझ्या आईने अख्ख्या गल्लीला दिलाय. फाटकावरच्या शिपायाला तुझं नाव सांगितलं तर तो म्हणाला, कोण, हप्तेराव? मग लगेच कळलं." त्याने खिशातून घामाने ओला झालेला दाखला काढून दिला. "इतकी वर्षं वसुली करतोय. कुणाला काही द्यायला पहिल्यांदाच पळलो."

दाखला अगदी वेळेवर आला, कारण तिसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांसमोर शपथेची यादी गेली. हेडक्लार्कने नियमाप्रमाणे सगळ्यांचे स्कोअर नव्याने काढून पुढे ठेवले. छत्तीसच्या छत्तीस साडेसहाशेच्या खाली. हप्तेराव चारशे एकतीसवर, म्हणजे तळाला. पण त्याच्या वरचा फार वर होता असं नाही. पाच महिन्यांपूर्वी ज्यांची नोंदच नव्हती अशी पस्तीस पोरं शहरातल्या आठही कंपन्यांच्या लेखी कर्जासाठी दारोदार हिंडणारी टोळी ठरली होती.

एकाचा स्कोअर पडला तर तो माणूस नालायक असतो. छत्तिसांचा पडला तर नियम नालायक ठरतो, कारण छत्तीस जणांना घरी पाठवायचं तर वर कारण कळवावं लागतं, आणि वर कळवण्यासारखं कारण मोठ्या साहेबांना सापडेना. तीन दिवस समिती बसली. चौथ्या दिवशी सुधारित हुकूम निघाला: स्कोअर रद्द. त्याऐवजी हुद्दा न बघता प्रत्येकाने कर्ज देणाऱ्या संस्थेचा 'बाकी काही नाही' असा दाखला जोडावा.

पस्तीस जणांनी टोप्या उडवल्या. मग रांग लावून हेडक्लार्कसमोर उभे राहिले.

"दाखला?"

"आम्ही कर्जच घेतलं नाही साहेब."

"ते मला माहीत आहे. बाकी नाही याचा दाखला कुठाय?"

"कर्जच नाही तर बाकी नाही म्हणून लिहून कोण देईल?"

"ते हुकुमात नाही," हेडक्लार्क म्हणाला. "पुढचा."

पुढचा हप्तेराव. त्याने घामाने सुरकुतलेला कागद टेबलावर ठेवला. हेडक्लार्कने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, कागद उजेडाकडे धरला, आणि एकशे चौदा नंबरच्या नियमासमोर पाच महिन्यांत पहिल्यांदाच बरोबरची खूण केली.

शपथेच्या दिवशी मैदानावर बावीस वाजंत्री होते आणि शपथ घेणारा एक. पस्तीस जण मागच्या रांगेत, तीन महिने पुढे ढकललेले. मामा खुर्चीतून आईला म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? एवढ्यांतून एकटा पास झाला." आईने डोळे पुसले. तिला पुढचा महिनाभर पुरेल इतकी बातमी मिळाली होती.

मोठ्या साहेबांनी त्याला छावणीतच ठेवून घेतलं. कर्जाच्या बाबतीत अनुभव असलेला तोच एक, म्हणून पलटणीला दाखले मिळवून द्यायची कामगिरी त्याच्यावर आली. उपाय सरळ होता. प्रत्येकाने सगळ्यात लहान कर्ज काढायचं, तीन हप्त्यांत फेडायचं, दाखला घ्यायचा. अडचण एकच. आठही कंपन्यांनी त्यांचे स्कोअर बघितले आणि दार लावून घेतलं.

"जामीन असेल तर देऊ सर," गोड आवाजाची बाई म्हणाली. "तुमच्यासारखा. स्कोअर काही असो, पुरे फेडलेले तुम्ही तर आमचे खात्रीचे ग्राहक."

हुकूम आला. हुकुमापुढे इलाज नसतो. हप्तेरावने नुकतंच उजळलेलं आपलं नाव एकेका कागदाखाली लिहायला सुरुवात केली. पस्तीस सह्या झाल्या, तरी एक कागद उरला. समोर उस्ताद उभा होता.

"हुद्दा बघायचा नाही, असं हुकुमात आहे," उस्ताद भिंतीकडे बघत म्हणाला. "सही कर."

हप्तेरावने सही केली, कागदाची कड उजवीकडे घेऊन नीट घडी घातली, आणि जरा विचार करून म्हणाला, "उस्ताद, हप्ता पाच तारखेला. एकाचाही चुकला तर माझं नाव जातं. रोज तपासणी लागेल. स्कोअरची नाही, पावतीची."

पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला, सकाळी पावणेसहाला, मैदानावर छत्तीस जणांची रांग लागली. हप्तेराव एका टोकाहून निघाला. पावती, पावती, पावती. वकिलाने पावतीऐवजी नोटिशीचा मसुदा पुढे केला, त्याला बाजूला उभं केलं. शेवटच्या माणसापाशी तो थांबला.

"हप्ता?"

"भरला," उस्ताद म्हणाला.

"पावती?"

उस्तादने एक खिसा चाचपला, मग दुसरा. "घरी राहिली."

हप्तेराव त्याच्या मिशीकडे बघत नव्हता, सरळ समोर बघत होता, शिकवल्याप्रमाणे.

"मैदानाला दोन फेऱ्या, उस्ताद."

उस्तादने त्याला डोक्यापासून बुटापर्यंत एकदा न्याहाळलं. मग टोपी सारखी केली, डावीकडे वळला आणि धावू लागला.